तिसराही टर्बो ऑइल फेकतोय: चौथा घेण्याआधी काय काय बघाल

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी २०१४ ची, अडीच लिटरची कॉमन रेल डिझेल, फोर बाय फोर. घेतल्यानंतर ३३ इंची टायर, स्नॉर्कल, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) रिमॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी बदललेलं सेटिंग, आणि मोकळा केलेला सायलेन्सर. लाखभर किलोमीटर झाल्यावर लडाखला जाऊन आलात आणि परतल्यावर पहिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला. त्या जागी बसवलेला रिकंडिशन टर्बो चार महिन्यांत ढिला झाला. तिसरा नवाकोरा बसवून जेमतेम महिना झालाय, तर इंटरकूलरच्या (टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये ऑइल, घाटात चढताना शिट्टी आणि मागून निळसर धूर. गॅरेजवाला म्हणतो चौथा टाकू. तुम्ही विचारताय, कोणत्या कंपनीचा घेऊ, की एकदाचा मोठाच बसवून टाकू?

कंपनीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला सगळ्यात कामाची गोष्ट दिसली ती म्हणजे टर्बोंचं आयुष्य. लाखभर किलोमीटर, मग चार महिने, मग एक महिना. नुसता माल वाईट निघत असता तर आयुष्य कधी कमी, कधी जास्त भरलं असतं. असं उतरत्या भाजणीनं गेलं नसतं. दर खेपेला कमी टिकतोय म्हणजे इंजिनात काहीतरी साचतंय किंवा तुंबतंय, आणि ते टर्बो बदलून जात नाही.

इथे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात, की तिन्ही टर्बो एकाच कारणानं गेले. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मॉडिफाय केलेल्या गाड्यांत तसं नसतं. पहिल्याचं कारण मॉडिफिकेशनमध्ये सापडतं. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं कारण पहिल्यानं मागे ठेवलेल्या घाणीत, नाहीतर बसवणाऱ्याच्या घाईत. दोन्ही वेगवेगळी शोधावी लागतात. एक सापडलं म्हणून थांबलात तर दुसरं उरतंच.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. तुमचा टर्बो साध्या वेस्टगेटचा (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूनं सोडणाऱ्या झडपेचा) आहे की व्हीजीटी (एक्झॉस्टच्या वाटेतली पाती हलवणारा), यावर तपासणीचा काही भाग ठरतो. रिमॅप करणाऱ्यानं बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जास्तीचा दाब) किती वाढवलाय, गाडी तुम्ही कशी चालवता, जड चढावर खालचा गिअर टाकता की १,५०० आरपीएमवर रेटत राहता, यावरही बरंच अवलंबून आहे. तेवढं सोडून जे ठामपणे सांगता येतं ते सांगतो.

पहिल्या टर्बोबद्दल माझा संशय थेट लडाखवर आहे. आकडे मांडून बघा. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार. समजा रिमॅपनंतर तुमच्या गाडीचा बूस्ट १.४ बार आहे. म्हणजे टर्बो १ बारची हवा घेऊन २.४ बार करतोय, दाबाचं गुणोत्तर २.४. आता खारदुंग ला. उंची सुमारे ५,३५९ मीटर (जुन्या पाटीवरचा १८,३८० फुटांचा आकडा फुगवलेला होता, पण खरी उंचीही कमी नाही). तिथे हवेचा दाब जेमतेम ०.५२ बार. तोच १.४ बार बूस्ट तिथे द्यायचा तर गुणोत्तर ३.७ च्या घरात जातं. आणि इंजिनाला खाली मिळत होती तेवढीच हवा द्यायची म्हटलं तर ४.६. एवढ्या छोट्या टर्बोची झेप तिथवर नसते. हवा विरळ असल्यानं तो जास्त वेगानं फिरून ती भर काढायला बघतो. या आकाराच्या टर्बोचा शाफ्ट एरवीच मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारत असतो. त्याच्या वर ढकलला की व्हील (शाफ्टच्या टोकाची पात्यांची चाकं) आणि बेअरिंग दोन्ही धोक्यात.

कंपनीचा मूळ मॅप हे ओळखतो. ईसीयू हवेचा दाब मोजतो आणि उंचीवर बूस्ट आणि डिझेल दोन्ही कमी करतो. म्हणूनच स्टॉक गाडी वर गेली की मरगळल्यासारखी चालते. बऱ्याच रिमॅपमध्ये, आणि ट्युनिंग बॉक्सच्या (ईसीयूला वरून जोडायच्या डबीच्या) बाबतीत तर जास्तच, हे उंचीचं गणित धड सांभाळलेलं नसतं. गाडी वरही छान ओढते, मालक खूश होतो आणि टर्बोचं आयुष्य भराभर संपत जातं. मोकळा सायलेन्सर त्यात भर घालतो, कारण मागचा दाब कमी झाला की टर्बाइन (एक्झॉस्टकडचं व्हील) आणखी मोकळं फिरतं. कोणी वेस्टगेटचा रॉड दोन आटे आवळून ठेवला असेल तर विचारायलाच नको. तुमच्या गाडीत तसं केलंय का, ते बघा. रॉडवरच्या नटाचा मूळ रंगाचा ठिपका तुटलेला दिसला तर कोणीतरी पाना लावलाय.

३३ इंची टायरचाही वाटा आहे, पण तो लोक समजतात तसा वजनाचा नाही. टायर मोठे झाले की गिअरिंग उंच होतं. त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला इंजिन कमी आरपीएमवर आणि जास्त लोडवर राहतं. मालकाला पिकअप कमी वाटतो, तो पेडल आणखी दाबतो, डिझेल जास्त आणि हवा कमी, एक्झॉस्ट तापतो. अशा गाडीला मी टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा) बसवायला सांगतो आणि लांब चढावर ७५० अंश सेल्सिअसच्या वर काटा टिकू द्यायचा नाही, हा माझा नियम. शहरात चालवणाऱ्याला हा काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा दागिना. चढावर माल ओढणाऱ्याला त्याच्याइतका उपयोगी काटा नाही.

आता दुसरा टर्बो. पहिला टर्बो मोडतो तेव्हा त्याचे दोन प्रकारचे अवशेष गाडीत राहतात. व्हीलचे ॲल्युमिनियमचे तुकडे हवेबरोबर इंटरकूलरमध्ये जातात. बेअरिंगची झिज, पितळी भुकटी, ऑइलबरोबर संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते. टर्बोचं बेअरिंग म्हणजे बॉल बेअरिंग नव्हे. बहुतेक डिझेलमध्ये ती ऑइलवर तरंगणारी बुश असते आणि शाफ्ट केसाच्या जाडीइतक्या फटीत ऑइलच्या थरावर फिरतो. त्या ऑइलमध्ये भुकटी असेल तर नवा टर्बो बसवलेल्या दिवसापासून घासला जातो. ‘फिल्टर आहे ना’ असं वाटतं, पण थंड सकाळी ऑइल घट्ट असताना किंवा फिल्टर चोंदला की त्यातला बायपास वॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. म्हणून टर्बो बदलताना ऑइल आणि फिल्टर नवे घालणं हा त्याच कामाचा भाग. तुमच्या बिलात ते आहे का, जरा बघा. बिलात नसेल तर ते झालेलं नाही असंच धरा.

त्याहून जास्त घात करते ती ऑइलची फीड पाइप. बारीक नळी, तिच्या टोकाला बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ बोल्ट), त्याच्या अंगात आडवं छिद्र, काडेपेटीतली काडी जाईल एवढं. चढ चढून आल्या आल्या इंजिन बंद करायची सवय असेल तर टर्बोकडच्या टोकाला ऑइल करपतं आणि आतून कार्बनचा थर धरतो. एका जीपचा बॅन्जो मी काढला तेव्हा बाहेरून तो चकचकीत होता, मिस्त्रीनं पेट्रोलनं पुसला असावा. उजेडासमोर धरला तर छिद्रातून उजेड येईना. टाचणीनं टोकरलं तेव्हा लाल सिलिकॉन पेस्टचा शेवयाएवढा धागा बाहेर आला. आदल्या वेळी कोणीतरी वॉशरऐवजी पेस्ट लावून बोल्ट आवळला होता आणि जास्तीची पेस्ट आत दबली होती. त्या गाडीचे आधीचे टर्बो ‘डुप्लिकेट निघाले’ म्हणून परत गेले होते. ऑइलच्या वाटेवर सिलिकॉन पेस्ट लावायची नाही, कुठेही नाही. नवे तांब्याचे वॉशर लागतात, आणि फीड पाइप साफ करत बसण्यापेक्षा नवी घेतलेली बरी.

आता तिसरा, आणि इथे थोडं थांबा. होजमध्ये ऑइल दिसलं म्हणजे टर्बो गेला, असं नाही. ‘सील गेलं’ हा शब्द गॅरेजमध्ये सर्रास वापरतात, पण टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, आणि ती ऑइल तेव्हाच अडवते जेव्हा टर्बोतून ऑइल खाली सहज निघून जातं आणि दोन्ही बाजूंचे दाब जसे हवेत तसे असतात. यातलं काही बिघडलं की अगदी नवा, निरोगी टर्बोसुद्धा ऑइल फेकतो. तुमच्या गाडीत असं व्हायला जागा चार.

पहिली जागा म्हणजे पहिल्या टर्बोचं जुनं ऑइल. टर्बो मोडताना पाऊण-एक लिटर ऑइल सहज इंटरकूलरमध्ये साठतं. इंटरकूलर उतरवून धुतला नसेल तर ते ऑइल पुढचे कित्येक दिवस थोडं थोडं इंजिनात जात राहतं आणि निळा धूर देतं. तो तपासायला इंटरकूलर काढा, उलटा करून ताटात ठेवा. जे निघेल त्यात ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण आहेत का, बोटानं चोळून बघा.

दुसरी, टर्बोच्या खालची ड्रेन पाइप. ऑइल तिच्यातून नुसतं वजनानं उतरतं, तिथे पंप नाही. तिला मोड पडली, गॅस्केट आत सरकलं, कोणी रबरी होज लावून ती आडवी वळवली, की ऑइल वर तुंबतं. ऑफरोडवाल्यांची एक खास सवय इथे नडते. उतारावर किंवा कडेवर गाडी कलली तर संपमधून ऑइल ओढणारी नळी कोरडी पडू नये म्हणून लोक डिपस्टिकच्या मॅक्स खुणेच्या वर अर्धा-एक लिटर ऑइल भरतात. गाडी कलली की तेच जास्तीचं ऑइल ड्रेनचं तोंड बुडवतं. मॅक्सच्या वर भरू नका.

तिसरी, इंजिनाचा ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या बाजूनं खाली निसटणारा गॅस. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा ब्रीदर (तो गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो ड्रेनमधून उलटा टर्बोत चढतो. इंजिन गरम असताना, आयडलवर, ऑइल भरायचं टोपण सैल करून उलटं ठेवा. हलकी थरथर चालेल. टोपण उडून पडत असेल, फसफस करत वाफ येत असेल, तर टर्बोकडे बघूच नका, आधी ब्रीदर साफ करा आणि तरीही फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन तपासा. जास्त डिझेल, जास्त तापमान आणि लाखाच्या वर किलोमीटर, यात रिंगा गेलेल्या असणं अशक्य नाही. तसं निघालं तर बातमी महागाची आहे, पण चौथ्या आणि पाचव्या टर्बोपेक्षा स्वस्त.

चौथी, तुमचं स्नॉर्कल आणि एअर फिल्टर. फिल्टर चोंदला किंवा ओला झाला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ऑइल शाफ्टच्या बाजूनं खेचून घेते. स्नॉर्कलबद्दल एक गैरसमज असतो की ते हवा गाळतं. ते फक्त हवा उंचावरून घेतं. त्याचा आणि फिल्टरच्या डब्याचा सांधा नीट बसला नसेल तर पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात धूळ तिथूनच शिरते. फिल्टर काढा आणि त्याच्या पलीकडच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडक्यावर मातकट रंग आला तर धूळ फिल्टर चुकवून आत जातेय, आणि ती व्हीलच्या कडा तासतेय. धुऊन परत वापरायचे, ऑइल लावलेले कापडी फिल्टर आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत मी कोणाला सुचवत नाही. कागदी फिल्टर वापरा, वेळेवर फेका.

या चारांपैकी काहीच निघालं नाही, मगच टर्बोवर या. इंजिन पूर्ण थंड झालं की हवेचा पाइप काढून कॉम्प्रेसर व्हीलचा (हवेकडच्या व्हीलचा) मधला नट दोन बोटांत धरा. वर-खाली थोडा हलतो, त्याला घाबरू नका. ऑइलचा दाब नसताना तरंगत्या बुशीत तेवढी ढिलाई असतेच. आत-बाहेर मात्र हाताला जाणवेल इतका हलता कामा नये. ती हालचाल दशांश मिलिमीटरच्या आतली असते आणि मोजायला डायल गेज लागतो. हाताला ‘टक्’ असं जाणवलं तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं) गेलंय. व्हील एका बाजूला दाबून फिरवा; भिंतीला घासलं तर विषय संपला.

पहिला टर्बो भंगारात गेला असं तुम्ही म्हणता, पण दुसरा घरी पोत्यात पडलाय. तो तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. कुठल्या तरी टर्बोवाल्याकडून तुमच्यासमोर उघडवून घ्या, नुसता बदलीत देऊ नका. शाफ्ट बुशीच्या जागी निळा-जांभळा पडलाय का? तसं असेल तर ऑइल पोचलंच नाही किंवा उशिरा पोचलं. रंग ठीक पण गोल गोल चरे असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. टर्बाइनच्या बाजूला काळा, दगडासारखा कार्बन असेल तर गरम इंजिन बंद करण्याची सवय. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा एकसारख्या झिजून पातळ झाल्या असतील तर धूळ, एखाद-दुसरं पातं वाकलं किंवा तुटलं असेल तर काहीतरी कडक वस्तू आत आली. टर्बाइनची पाती चेपली असतील तर ती वस्तू इंजिनातूनच आली: ग्लो प्लगचं टोक, नाहीतर मॅनिफोल्डला केलेल्या वेल्डिंगचा खडा. आणि कॉम्प्रेसर व्हीलची पाठ, म्हणजे पाती नसलेली सपाट बाजू, तिरप्या उजेडात बघा. तिथे संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा उमटला असेल तर धातू ताणला गेलाय, टर्बो त्याच्या कुवतीच्या बाहेर फिरलाय. हे चिन्ह दुसऱ्या टर्बोवरही मिळालं तर रिमॅपबद्दलचा माझा संशय पक्का होईल, कारण दुसरा टर्बो लडाखला गेलाच नव्हता.

शिट्टीचं राहिलं. चढावर, बूस्ट आल्यावर फुस्स किंवा शिट्टी आणि जोडीला काळा धूर, हे बहुधा दाबलेल्या हवेच्या गळतीचं लक्षण. निळा धूर ऑइलचा, काळा हवेपेक्षा डिझेल जास्त झाल्याचा; तुमच्याकडे दोन्ही एकात एक मिसळले असतील तर नवल नाही. गळती नुसती पिकअप खात नाही. सेन्सर मॅनिफोल्डवर आहे, त्याला दाब कमी दिसतो, ईसीयू टर्बोला आणखी पळवतो, म्हणजे पुन्हा तोच जास्त वेगाचा आजार. स्कॅनर मारल्यावर पी ०२९९ आला तर बूस्ट कमी पडतोय, पी ०२३४ आला तर जास्त होतोय. पण कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही. गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. टर्बोच्या तोंडाच्या मापाचं पीव्हीसीचं टोपण घ्या, त्यात ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवा, क्लॅम्प घट्ट आवळा, १ बारच्या आत हवा भरा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. टोपणासमोर उभं राहू नका, सुटलं तर लागेल. इंजिनाच्या आतून थोडी हवा सुटल्याचा आवाज येईल, तो सोडून द्या. इंटरकूलरच्या होजची खालची बाजू, जिथे हात पोचत नाही, तीच फाटलेली असते. ऑइलनं भिजून रबर मऊ पडलेलं असतं. व्हीजीटी असेल तर याच वेळी ॲक्च्युएटरचा (पाती हलवणाऱ्या भागाचा) दांडा पूर्ण अंतर सुरळीत फिरतो का तेही बघा. काजळीनं पाती अडकली की बूस्ट कधी जास्त, कधी गायब.

म्हणजे क्रम असा ठेवा: आधी ब्लो-बाय आणि एअर फिल्टर, कारण त्याला खर्च नाही. मग गळतीची टेस्ट. मग इंटरकूलर धुणं, ड्रेन, फीड पाइप. मग दुसऱ्या टर्बोचं पोस्टमॉर्टेम. रिमॅपचा लॉग काढून घेणं याच्या समांतर चालू द्या. ज्यानं केलं त्याच्याकडे मूळ फाइल असते, ती परत टाकून गाडी दोन आठवडे चालवून बघायलाही हरकत नाही. सायलेन्सर मोकळा करताना कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला असेल तर तो परत बसवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असले बदल करायला मोकळीक देत नाही, आणि क्लेमच्या वेळी विमावाले हे बरोबर शोधून काढतात.

एवढं करूनही टर्बो बदलायचाच झाला तर बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. फीडच्या भोकातून टर्बोत स्वच्छ ऑइल ओतायचं, व्हील हातानं फिरवायचं, मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून ड्रेनमधून ऑइल येईपर्यंत नुसता सेल्फ मारायचा. त्यानंतरच स्टार्ट, आणि पाच मिनिटं आयडल, रेस नाही. रिकंडिशन कोअर घेत असाल तर बॅलन्सिंगचा छापील रिपोर्ट मागा. देत नसेल तर दुकान बदला. पुढे ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ठेवा, बदल मात्र कंपनीच्या निम्म्या अंतरावर करा. घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडल पुरे; बाजारातून सावकाश घरी आल्यावर अर्धा तास घरघरत ठेवायची गरज नाही.

एक धोका सांगायचा राहू नये. टर्बोतून जास्त ऑइल हवेच्या वाटेनं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं, रेस आपोआप चढते आणि चावी काढूनही बंद होत नाही. तसं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबा, टॉपचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन गुदमरवून बंद करा. हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका. निळा धूर सुरू असेपर्यंत लांबचा प्रवास नकोच.

आणि मोठा टर्बो? तुमच्या गाडीला नको. मोठं व्हील उशिरा फिरतं, म्हणजे ३३ इंची टायरवर खालच्या आरपीएमला जी ओढ आत्ताच कमी पडतेय ती आणखी कमी होईल, तुम्ही पेडल आणखी दाबाल, एक्झॉस्ट आणखी तापेल. तेच पैसे डिफरन्शियलचं गिअरिंग टायरला साजेसं करण्यात घाला, किंवा ३१ इंचीवर या. दुसऱ्या टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलच्या पाठीचा, शाफ्टचा आणि बॅन्जो बोल्टचा फोटो पाठवा, ऑइलच्या टोपणाच्या टेस्टमध्ये काय झालं तेही लिहा. रिमॅप ठेवायचा की काढायचा, ते त्यावरून सांगता येईल.